नरपडच्या वाळूत रुतलेली जीप
तापलेल्या रबराचा वास आला की मला नरपडचा किनारा आठवतो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. वडिलांनी हौसेनं सरकारी जीप वाळूत घातली आणि चाकं रुतली. भरतीचं पाणी जवळ येत होतं. मासळी विकायला निघालेल्या बायकांनी टोपल्या मागे ठेवून जीपला खांदे लावले. वडिलांनी टायरांतली हवा कमी केली, चारही चाकं ओढणारा गियर टाकला. जीप निघाली, पण चाकांनी उडवलेली ओली वाळू सगळी त्यांच्या मासळीवर पडली. “बाबा, थांबा ना!” मी ओरडले. “थांबलो तर पुन्हा रुतू,” ते म्हणाले. पक्क्या रस्त्याला लागल्यावर आम्ही थांबलो. मासळी धुऊन त्या मागून आल्या. “निघाली ना गाडी, पोरी?” एकीनं हसऱ्या आवाजात विचारलं. वडील स्टिअरिंगकडेच बघत राहिले. मीही मान वर केली नाही. तिचा चेहरा मला आजही आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नाही.