रेवाची बदली

सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढली. तिथले सगळे किस्से एका डायरीत मावले. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या हॉकी क्लबात एका हिवाळ्यात जमलेले मात्र अजून मावत नाहीत. कारण सोपं आहे. कचेरीत माणसं स्वतःच्या बदलीसाठी भांडायची. क्लबात आईबाप पोरांच्या बदलीवरून भांडतात, आणि तेही रविवारी सकाळी, थंडीत कुडकुडत!

२००६ साली सहा महिन्यांच्या व्हिसावर मी मुलाकडे, निलेशकडे गेलो होतो. तो सॉफ्टवेअरमध्ये. नात रेवा बारा वर्षांची, क्लबच्या मुलींच्या टीममध्ये फॉरवर्ड. मार्चमध्ये सीझनच्या शेवटच्या मॅचला काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या टीमची सिलेक्टर येणार होती. तिला आवडतील त्या मुलींना ट्रायल्सचं बोलावणं. घरात ‘मार्च’ हा शब्द बोर्डाच्या परीक्षेसारखा उच्चारला जायचा.

आणि नोव्हेंबरात कोच जॅनेटनं रेवाला डिफेन्समध्ये टाकलं.

*

जॅनेट म्हणजे शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेली बाई. आवाज कधी चढायचा नाही, म्हणून जास्त भीती वाटायची.

निलेश तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. “रेवाचं काय चुकलं?”

“काहीच नाही. तिला अख्खं मैदान दिसतं. अशी मुलगी मला मागे हवी.”

निलेशला त्यातलं ‘मागे’ एवढंच ऐकू आलं. घरी येताना गाडीत रेवा शिनपॅड न काढता खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच म्हटलं, “अरे, बदलीच आहे. सस्पेन्शन नाही!”



*

“अण्णा, तुम्ही अर्ज लिहा,” निलेश म्हणाला. “तुमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे.”

माझ्या हातून असले शेकडो अर्ज गेलेत. विषय, संदर्भ, तीन परिच्छेद, शेवटी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. सगळं इंग्रजीत, सही निलेशची. अर्जदार गेल्या तीन सीझनमध्ये फॉरवर्ड या पदावर समाधानकारक काम करीत असून, वगैरे. निलेशनं तो प्रिंट काढून, पाकिटात घालून जॅनेटच्या हातात दिला.

दोन दिवसांनी तिचा टेक्स्ट आला : “सुंदर पत्र. आजवर असं कुणी लिहिलं नव्हतं. रेवा लेफ्ट बॅक, रविवारी साडेनऊ.”

आमच्या साहेबांना अर्ज निकालात काढायला दोन वर्षं लागायची!

*

आमच्या शेजारी डॉक्टर साने उभे असत. हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यांची इरा टीमची गोलकीपर. हातात फ्लास्क, चेहरा पांढरा.

“आठवडाभर मी लोकांना झोपवतो,” ते म्हणायचे, “आणि रविवारी मलाच बीपीची गोळी लागते. गोलकीपरचा बाप झालात की कळेल, अण्णा!”

मी म्हटलं, “डिफेंडरचा आजोबा झालोय. अर्धी गोळी मलाही द्या.”

*

निलेश दोरीबाहेरून मराठीत ओरडायचा. “रेवा, पुढे! अगं, पुढे जा!” इंग्रजांना कळत नाही, हा त्याचा समज. तीन रविवार जॅनेटनं ऐकून घेतलं. चौथ्या रविवारी तिनं त्याच्या हातात सुरी आणि संत्र्यांची जाळी दिली. हाफटाइमला मुलींना संत्र्याच्या फोडी देतात, हा तिथला रिवाज.

“जे पालक कोचिंग करतात, ते संत्री कापतात,” ती म्हणाली. “माझा जुना नियम आहे.”

“किती दिवस?”

“बहुतेक जण सीझनभर कापतात.”

डॉक्टर साने माझ्या कानात पुटपुटले, “नशीब, मी नुसता घाबरतो!”

*

फेब्रुवारीतला किस्सा सांगू नये असं निलेशला वाटतं. सांगतोच.

बेसिंगस्टोकला मॅच होती. जाताना गाडीत निलेश हळूच म्हणाला, “संधी मिळाली की सुट पुढे. जॅनेटला काय कळतंय!” शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरी होती. रेवाला बॉल मिळाला आणि ती सुटली. अर्धं मैदान ओलांडलं, निलेशनं सुरी हवेत उंचावली, आणि तिथेच बॉल गेला. मागे लेफ्ट बॅकची जागा रिकामी. समोरच्या दोन मुली आल्या, इरा एकटी. गोल. हरलो.

इरा हेल्मेट न काढता बसून राहिली. हेल्मेटच्या आतून रडण्याचा आवाज येत होता. सान्यांनी फ्लास्कचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग आमच्याकडे पाठ करून इराकडे गेले.

गाडीत निलेशनं सुरुवात केली, “बॉल जरा लवकर पास केला असतास तर...”

“बाबा, तू सांगितला म्हणून मी गेली,” रेवा म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, पण त्या दिवशी कुणी सुधारलं नाही. “इरा एकटी होती. मागे बघितला, तर माझा जागा दिसत होता. रिकामा.”



*

त्यानंतर जॅनेटनं मला एकदा विचारलं, “तुमच्या ऑफिसात तुमची बदली व्हायची?”

“सतरा टेबलं फिरलो.”

“फायदा झाला?”

“झाला. शेवटी कुठली फाइल कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं. म्हणून मला रजा मिळायची नाही.”

ती कधी नव्हे ती हसली. म्हणाली, “हे रेवाला सांगू नका.”

*

मार्चमधली ती मॅच. सिलेक्टर लिहायचं पॅड घेऊन आमच्यापासून चार पावलांवर. आम्ही एका गोलनं पुढे. दहा मिनिटं उरली तेव्हा जॅनेटनं रेवाला हाक मारली आणि निलेशकडे न बघता म्हणाली, “रेवा, फॉरवर्ड!”

अर्ज मंजूर! चार महिन्यांनी, सिलेक्टरसमोर. मी निलेशकडे पाहिलं. तो संत्र्याची फोड हातात धरून तसाच उभा होता.

शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यात गोलकीपर धरून पाचच जणींनी गोल राखायचा. बाकीच्यांनी मध्यरेषेपलीकडे जायचं. फॉरवर्ड अर्थातच तिकडे. रेवा निघाली, मध्यरेषेपर्यंत पोचली, आणि तिनं मागे वळून बघितलं.

“निलेश,” मी म्हटलं, “ओरडू नकोस.”

तो ओरडला नाही. त्याचे ओठ हलत होते, पण ‘पुढे’ नव्हतं ते.

रेवा पळत परत आली. गोलच्या खांबाशी उभ्या असलेल्या डिफेंडर एमिलीच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलली. एमिली मध्यरेषेकडे धावली. रेवा खांबाशी, तिच्या शेजारी इरा. सान्यांनी डोळे मिटले.

बॉल आला. इराच्या पायाला लागून उडाला आणि गोलरेषेवर रेवाच्या स्टिकवर थांबला. तिनं तो बाहेर ढकलला. शिट्टी वाजली. इरा सगळ्या पॅडांसकट तिच्या अंगावर पडली.

सिलेक्टर चालत आमच्याकडे आली. “तुमची मुलगी? शनिवारी ट्रायल्सना घेऊन या. फक्त एक सांगा, ती फॉरवर्ड की डिफेन्स?”

जॅनेट थांबली. सान्यांनी डोळे उघडले. नोव्हेंबरपासून या प्रश्नाचं उत्तर निलेशच्या तोंडात तयार होतं.

त्यानं संत्र्याच्या फोडींचा डबा तिच्यापुढे धरला.

“मला काही विचारू नका,” तो म्हणाला. “मी फक्त संत्री कापतो.”