बेटावरचा वडापाव

अंदमानच्या त्या बेटावर, नारळांच्या सावलीतल्या एका दुकानात, गल्ल्यामागच्या तरुणीने वडा पावात ठेवला आणि अंगठ्याने हलकेच दाबला. माझी थोरली बहीण, अक्का, बघतच राहिली. ती लकब अक्काची होती.

साताऱ्याच्या स्टँडबाहेर हातगाडी लावली तेव्हापासून अक्का वडा असाच दाबायची, म्हणजे चटणी पावात मुरते. पुढे गाडीचे दुकान झाले, दुकानाच्या शाखा झाल्या. "घाट उतरलात की ही चव कुणी विचारणार नाही," असे लोक म्हणायचे. बेटावरची ही शाखा तर तिने पाहिलीही नव्हती. आम्ही तिला बळेच सुट्टीवर आणले, तरी ती किनाऱ्यावर बसून फोनवर शाखाच सांभाळत होती.

"ये किसने सिखाया?" अक्काने विचारले.

"हमारी दीदी ने. उनको किसी और दीदी ने," ती हसून म्हणाली. "तीखा चलेगा ना, आंटी?"

"चलेगा!"

पाटी कुठेही लावता येते. हाताचे वळण मात्र एका हातातून दुसऱ्या हातातच जाते. अक्काचे वळण समुद्र ओलांडून तिच्याआधी इथे पोचले होते.

तिने आपली ओळख सांगितली नाही. शेवटचा घास खाऊन फोन माझ्या हातात दिला. "शाखांचं त्या पोरी बघतील आता," म्हणाली, आणि साडीसकट थेट पाण्यात शिरली. लाट अंगावर फुटली तेव्हा ती अशी खळखळून हसली, की सगळा किनारा वळून पाहू लागला.