पंचेचाळीस दिवसांचा नियम

आमच्या अ‍ॅडमिनसाहेबांइतका निराश माणूस पुणे शहरात दुसरा सापडणार नाही, आणि या शहरात निराश माणसांची वानवा आहे असं कोणी म्हणणार नाही. बाकीचे लोक खड्ड्यांवर निराश असतात, पाण्यावर असतात, जावयावर असतात. म्हणजे निदान कारण दूर झालं तर हसण्याची शक्यता उरते. अ‍ॅडमिनसाहेब एकूण मनुष्यजातीवरच निराश होते आणि हे मत त्यांनी पुराव्यानिशी बनवलं होतं. पुरावा रोज सकाळी साडेनऊला आमच्या रूपाने ऑफिसात हजर होत असे.

हडपसरला आमची पंप बनवणारी कंपनी. मी तिथे खरेदी विभागात. काही वर्षांपूर्वी कंपनीची सगळी पत्रं, फायली, बैठका, रजेचे अर्ज आणि गप्पासुद्धा एका क्लाउडवरच्या व्यवस्थेत गेल्या. कोणाला कोणत्या गटात घ्यायचं, कोणती फाईल कोणी नुसती बघायची आणि कोणी बदलायची, कोणाचं खातं उघडायचं, कोणाचं बंद करायचं, हे सगळं ठरवणारा एक माणूस लागतो. तो अ‍ॅडमिन. तोवर रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या या गृहस्थांनी पन्नाशी उलटल्यावर एकट्याने बसून ते सगळं शिकून घेतलं. मंडईच्या मागे त्यांचं घर. चार पिढ्या तिथेच, वडिलांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. घरात दखनी उर्दू चाले, पण ऑफिसात त्यांचं मराठी इतकं ठणठणीत की पत्राचा मसुदा तपासायला मोठे साहेबही त्यांच्याकडेच पाठवत. तरुण पोरं सुरुवातीला लाडाने 'चाचा' म्हणायला गेली. "मी आपला चाचा असतो तर आपल्याला शुद्धलेखन आलं असतं," असं उत्तर मिळाल्यावर सगळे मुकाट्याने 'अ‍ॅडमिनसाहेब' म्हणू लागले.

परवानगी मागायला गेलं की ते चष्म्यावरून बघत. "फाईल बदलायची परवानगी? आधी वाचली आहे का?" बहुतेक वेळा वाचलेली नसे. एका महाभागाने पासवर्ड विसरू नये म्हणून तो कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवला होता. अ‍ॅडमिनसाहेब त्या कागदासमोर दोन मिनिटं उभे राहिले, मग खिशातून पेन काढून त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो महाभाग चुकीच्या पासवर्डवरून त्यांच्याच दारात. वाढदिवसांसाठी आमच्याकडे एक गट होता. मग 'वाढदिवस नवीन' झाला, मग 'वाढदिवस खरा', मग 'वाढदिवस फक्त महत्त्वाचे'. त्या चौथ्या गटात आपण आहोत की नाही यावरून अकाउंट्समधल्या दोन बायका वर्षभर बोलत नव्हत्या. अ‍ॅडमिनसाहेबांनी चारही गट बंद केले. दोघी बोलायला लागल्या, पण त्यांच्याच विरुद्ध.

तेव्हा माणसांशी बोलण्यात अर्थ नाही या निष्कर्षावर ते आले आणि त्यांनी नियम लिहायला घेतले. म्हणजे अमुक झालं की आपोआप तमुक व्हावं, मध्ये माणूस नको. सुट्टीचा अर्ज आला की आपोआप पोच, बैठक संपली की आपोआप टिपण, शुक्रवारी दुपारी एक ते अडीच, नमाजाच्या वेळेत, कोणी निरोप पाठवला तर आपोआप उत्तर: 'या वेळेत मी माझ्याहून मोठ्या अ‍ॅडमिनकडे असतो. तिथे माझेच अर्ज प्रलंबित आहेत.' सकाळी गुलाबाच्या चित्रावर 'शुभ सकाळ' लिहून साऱ्या कंपनीला पाठवणाऱ्यांसाठीही एक नियम होता. नऊच्या आत आलेलं फुलाचं चित्र आपोआप पुसलं जाई आणि पाठवणाऱ्याला उत्तर जाई: 'फूल मिळाले. कामाचे काही असल्यास पुन्हा लिहावे.' एकदा तपासणी विभागाने तडा गेलेल्या पंपाच्या पंख्याचा फोटो पहाटेच्या पाळीत तातडीने पाठवला. पाकळ्यापाकळ्यांचा पंखा, त्यात सकाळची वेळ. नियमाने त्याला फूल ठरवलं. दुपारपर्यंत तडा गेलेले चाळीस पंप गाडीत चढले आणि उतरवावे लागले. मोठ्या साहेबांनी बोलावलं तेव्हा अ‍ॅडमिनसाहेब शांतपणे म्हणाले, "पंखा फुलासारखा दिसतो हा डिझाईनचा दोष आहे." आम्ही आठवडाभर हसत होतो. तेव्हाच हसणं थांबवायला हवं होतं, पण कोणाच्या लक्षात येतं?

त्यांचा सगळ्यात लाडका नियम पंचेचाळीस दिवसांचा. कंपनी सोडून गेलेला एक मॅनेजर तीन महिने आमच्या बैठका ऐकत होता हे उघडकीला आलं आणि अ‍ॅडमिनसाहेबांनी ठरवलं की पंचेचाळीस दिवस कोणी खातं उघडलं नाही तर ते आपोआप बंद व्हावं आणि त्याच्या मोबाईलवर निरोप जावा. निरोपाचा मसुदा त्यांनी स्वतः केला: 'आपण पंचेचाळीस दिवस इकडे फिरकला नाहीत. यावरून आपल्याला आमची व आम्हाला आपली गरज उरलेली नाही असे समजून आपले खाते बंद करण्यात येत आहे.' मला वाचून दाखवला. मी पोट धरून हसले आणि म्हटलं, "शेवटी 'कळावे' टाका ना." त्यांना ते फार आवडलं. लगेच टाकलं. माझ्याकडून मसुद्यात सुधारणा स्वीकारल्याची ती एकमेव वेळ.

पुढे पावसाळ्यात एका सकाळी मी खाली रिसेप्शनला एका पुरवठादाराची वाट बघत उभी होते. एक तरुण मुलगी आत आली. हातात कापडी पिशवी. तिने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. कंपनीचं ओळखपत्र, पिवळं हेल्मेट, लॉकरची किल्ली आणि सेफ्टी शूज. बूट पॉलिश केलेले होते. "बाबांनी परत द्यायला सांगितलंय," ती म्हणाली. "सही कुठे करू?"

तिचे बाबा म्हणजे आमच्या डिस्पॅचचे नामदेवराव. सव्वीस वर्षं माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख केलेला माणूस, हडपसरच्या जुन्या गावठाणातला. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली म्हणून दोन महिने रजेवर होते. रजा रीतसर मंजूर होती. पण रजा एका ठिकाणी नोंदलेली आणि नियम दुसऱ्या ठिकाणी लिहिलेला. नियमाला रजा कोणी सांगितलीच नव्हती. मुलीने मोबाईल पुढे केला. निरोप मी आधी वाचलेला होता. 'कळावे'पर्यंत पुन्हा वाचला आणि ती पिशवी उचलून जिना चढले.

अ‍ॅडमिनसाहेबांनी बूट बघितले, मग बंद झालेल्या खात्यांची यादी उघडून बघितली. यादीत नाव होतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मॅडम, आपल्याकडे स्कूटर आहे ना?"

मी चालवत होते आणि ते मागे पिशवी मांडीवर धरून बसले होते. एरवी ते रिक्षात बसले तरी चालकाला वळण कसं घ्यावं हे समजावून सांगत. त्या दिवशी मी दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले, तरी मागून शब्द नाही.

नामदेवराव कॉटवर उशीला टेकून बसले होते. अर्धा माणूस उरला होता. आम्हाला बघून उठायला लागले, तशी त्यांच्या बायकोने खांदा दाबून बसवलं. "दोन दिस झालं, जेवल्यालं न्हाईत," ती आम्हाला म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं.

"साहेब, सामान मिळालं न्हवं?" नामदेवरावांनी विचारलं. "बूट जरा झिजल्यात. पन बाकी सगळं हाय."

मी घाईघाईने म्हटलं, "अहो नामदेवराव, तुम्हाला कोणी काढलेलं नाही. ते सिस्टीममधून आपोआप जातं. माणसाने नाही पाठवलं ते."

"नाही," अ‍ॅडमिनसाहेब म्हणाले. "शब्द माझे आहेत. मी बसून लिहिलेत." मग ते नामदेवरावांकडे वळले. "आपण... म्हणजे तो नियम... आपल्यासाठी नव्हता." एवढ्यावरच ते थांबले. आजवर त्यांचं अर्धवट वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"मला बरूबरच वाटलं हो," नामदेवराव हळूच म्हणाले. "म्हनलं, लिवलंय ते खरंच हाय. आजारी मानसाची गरज कुनाला आसनार?"

अ‍ॅडमिनसाहेबांनी मोबाईल काढून तिथल्या तिथे खातं उघडायला घेतलं. नामदेवरावांनी हात वर केला. "नका, साहेब. कामावर मी येतो, बोलवा तवा येतो. पन ते मोबाईलमधलं नगं. त्याचा आवाज आला की तेच पुन्हा वाचल्यागत हुतंय."

पिशवी तिथेच ठेवून आम्ही निघालो. परत येताना सिग्नलला ते मागून म्हणाले, "'कळावे' आपलं होतं. पण ते घालायला जागा मी ठेवली होती." मला वाटतं, हे त्यांनी माझं सांत्वन म्हणून सांगितलं.

त्यानंतर त्यांनी एकेक करून सगळे नियम काढून टाकले. खाती हाताने उघडायची, हाताने बंद करायची, बंद करण्याआधी त्या माणसाला स्वतः फोन करून विचारायचं. साहजिकच कामं तुंबली. परवानगीला चार-चार दिवस लागू लागले, गुलाबाची फुलं परत उगवली, वाढदिवसाचे गट पाच झाले. लोक चिडले. ज्यांना त्यांनी आयुष्यभर शिस्त लावायचा प्रयत्न केला, तेच आता 'शिस्त राहिली नाही' म्हणून त्यांची तक्रार करत होते, आणि ते ती तक्रार ऐकून नुसतं "खरं आहे" म्हणत. शेवटी कंपनीने बाहेरच्या एका संस्थेला काम दिलं. त्यांनी सगळे नियम पुन्हा लावले, रजेची नोंद जोडून, गोड भाषेत. चांगले लावले, हे साहेबांनीही मान्य केलं. त्यांच्याकडे काम म्हणण्यासारखं काही उरलं नाही.

उरलं ते एकच. नामदेवराव दिवाळीनंतर कामावर आले, हलकं काम म्हणून डिस्पॅचच्या टेबलावर बसू लागले. त्यांच्या नावाने येणारे सगळे निरोप साहेबांनी स्वतःकडे वळवून घेतले होते. निरोप आला की ते चिठ्ठीवर लिहून घेत आणि तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली जात. लिफ्ट फक्त मालाची. दिवसातून चार खेपा, कधी सहा. तिथे शटरपाशी उभं राहून चिठ्ठी वाचून दाखवत. नामदेवराव ऐकून "बरं" म्हणत. त्यापलीकडे दोघांमध्ये काही बोलणं होत नसे. मैत्री वगैरे झाली असं म्हणता येणार नाही.

साहेब निवृत्त होऊन आता वर्ष झालं. त्यांचा विषय निघाला की मला तो जिनाच आठवतो. त्यांचे गुडघे तेव्हा पार गेले होते. एक दिवस मी खालीच निघाले होते आणि ते मधल्या मजल्यावर कठड्याला धरून दम घेत उभे होते. हातात चिठ्ठी. मी डोकावून वाचली: उद्या कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी आहे.

"अहो साहेब, द्या इकडे. मी खालीच चाललेय. सांगते त्यांना."

त्यांनी चिठ्ठी मागे घेतली. "नको, मॅडम."

"खिचडीचा तर निरोप आहे!"

"निरोपासाठी नाही जात मी," ते म्हणाले. "ते 'बरं' म्हणतात ना, तेवढं ऐकायला जातो."

आणि कठडा धरून, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, असे ते हळूहळू खाली उतरत गेले.