कंपनीचा नियम

इअरफोनची पांढरी वायर दिसली की आईच्या तेरवीची दुपार आठवते. बालाघाटच्या घरभर वरणाचा, उदबत्तीचा वास होता. दादाचा पुण्यातला कॉम्प्युटर बिघडल्यापासून आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेली भुलाबाईची गाणी फक्त त्याच्या पांढऱ्या वायरच्या म्युझिक प्लेअरमध्ये उरली होती. "मलेही दे नं," मी म्हटलं, म्हणून त्याने तो माझ्या कॉम्प्युटरला जोडला. त्या कंपनीचा प्लेअर एकच कॉम्प्युटर मानायचा. दुसऱ्याला लावताच आतलं सगळं पुसलं गेलं. "काहून असं?" मी विचारलं. "कंपनी चुकत नाही. तिचा नियमच तसा हाय," म्हणत दादाने प्लेअर रुमालाने पुसून जपून कव्हरात ठेवला. मी पंगतीत भात वाढायला गेले. काल त्याने त्याच कंपनीचा नवा फोन आणला. पांढऱ्या वायरचा इअरफोन माझ्या कानात घालत म्हणाला, "आयक, आवाज किती साफ येते."