तापाची वही

टाळेबंदीत मी पेपरसाठीच्या बातम्या वणीत बसून फोनवरच घेत होतो. मुकुटबनमध्ये कोण कशानं गेलं, हे तिथला माझा वर्गमित्र सांगायचा. त्याचं औषधांचं दुकान होतं. त्याचा शब्द मी कधी दुसऱ्याकडे तपासला नाही.

त्याचा धाकटा भाऊ गेला, तेव्हाही फोन त्याचाच.

"ताप होता, दम लागला. कोरोनाच. लिहून टाक."

मी लिहिलं.

धाकट्याची बायको गावची आशाताई. घरोघरी जाऊन ताप मोजायची. बातमी वाचून गावानं ठरवलं, रोग तिनंच घरात आणला. सासूनं तिच्या हातचं पाणी सोडलं.

काही महिन्यांनी ती वणीला माझ्याकडे आली. पिशवीतून तापाची वही काढली. गावाच्या नोंदींत तिनं स्वतःचं घरही धरलं होतं. नवऱ्याला शेवटच्या सकाळीही ताप नव्हता.

"दारू भेटेना, तं भासरे दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या देत," ती म्हणाली. भासरे, म्हणजे तिचा थोरला दीर, माझा मित्र. "आधी पेले तं दोस्त घरी आणून टाकत. गोळ्या मात्र हे एकटेच घेत, दार लावून. मी सर्वेले गेलती. आली, तं उठलेच नाही. भाऊ, तुम्ही मले एक फोन तरी करायचा होता."

मी मित्राला फोन लावून गोळ्यांचं विचारलं. तो नाकारेल असं वाटलं होतं.

"मी सांगतलं, तू छापलं. पाहाले काहून नाही आला बे? मोठा पत्रकार!"

वहीच्या आणि तिच्या सांगण्याच्या आधारावर चार ओळींचा खुलासा छापून आला: मृत्यू कोरोनानं नव्हे, गोळ्यांच्या अतिसेवनानं. पण त्या घरात म्हातारीला पेपर थोरलाच वाचून दाखवायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच पेपर घेऊन मुकुटबनला गेलो. म्हातारी ओसरीवर बसली होती.

"कालचा पेपर वाचला का त्यानं?"

"काल पेपर आलाच नाही म्हणे."

मी घडी उलगडून चारही ओळी वाचल्या, मग पुन्हा एकदा. सून दारात उभी होती. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं.

"मंग मले ताप कायले सांगतला त्यानं? अन् गोळ्या कोणं देल्ल्या, बाबू?"

ते खुलाशात नव्हतं. मी तोंडानं सांगितलं.