हरणाबाईंच्या कोपीवरची सभा

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, सास्तूरकडच्या गावांना कुलपं लागतात. सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या खोपटात, कोपीत देव मांडतं आणि दिवसभर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी अन् ताकातली आंबील जेवतं. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला जेवायला हाक मारायची, आणि हाक आल्यावर त्यानं नाही म्हणायचं नाही. हरणाबाईंना ही रीत वर्षभर पुरायची. लाइनमन असो की बांगड्यावाली, त्यांच्या बांधावरून उपाशी कुणी जात नसे.

"हिनं शेताची खानावळ केलीया," नवरा रामहरी म्हणायचा.

"अन् तुमी त्यातलं फुकटं गिऱ्हाईक," बाई म्हणायच्या.

त्यांचा जीव शेतातल्या विहिरीत. त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडलं, विहीर टिकली. पत्र्याच्या शेडात राहणारी सारी वस्ती तेव्हा तिच्याच पाण्यावर जगली. अजूनही उन्हाळ्यात निम्मं गाव तिथंच घागर बुडवतं.

गेल्या साली तेलाच्या पाइपलाइनची आखणी आली. खुणेचे दगड आधी सडकेकडेच्या पडिकातून लागले होते. मग एका सकाळी ते वळून थेट विहिरीवर आले. पाइपच्या पट्ट्यात विहीर चालत नाही, ती बुजवावी लागणार होती. हे वळण कशासाठी, ते गावाला ठाऊक होतं. ओढ्यापलीकडं सरपंच बलभीमनं पाहुण्यांच्या भागीत माळ घेऊन ठेवला होता. लाइन तिकडून गेली तर पंपिंग स्टेशन तिथं बसणार आणि माळाचं सोनं होणार. वरून कुण्या पुढाऱ्याचा फोनही झाला होता म्हणे. आता फक्त गावाचा ठराव हवा होता. आधीची ग्रामसभा माणसं कमी म्हणून तहकूब झालेली. तहकूब सभेला मग किती का माणसं असेनात, चालतं. ती सभा बलभीमनं लावली येळवशीला, भर दुपारी.

"चारजण घेऊन जाऊ पंचायतीत," रामहरी म्हणाला.

"देव मांडून कोपी सोडतंय कोण? त्येला पक्कं ठाव हाय ते." हरणाबाई बाजरीच्या उंड्यांचं पीठ मळत राहिल्या. "माणसं तिकडं न्हाय जायची. सभाच हिकडं आणू."

येळवशीला त्या सडकेवर उभ्या राहिल्या. कंपनीचे अधिकारी चन्नबसप्पा आणि ग्रामसेविका ज्ञानेश्वरी यांची जीप आली.

"साहेब, जेवून जावा."

"सभा आहे, मावशी."

"येळवस बी हाय."

चन्नबसप्पा बिदरकडचे. त्यांची आईही आज अशीच बांधावर उभी राहून हाका मारत असेल. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. "सर, उशीर होईल," म्हणत ज्ञानेश्वरीच आधी उतरली.

येळवशीला माणसं एकमेकांच्या कोपीवर जातातच. हरणाबाईंनी सांगावा धाडला होता, त्या दुपारी साऱ्यांची पावलं त्यांच्याकडं वळली. तिकडं बलभीम रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून कंटाळला आणि मोटारसायकल काढून आला. पाहतो तर त्याची बायको द्वारकाबाई पंगतीत भज्जी वाढतेय.

"वहिनी, हे काय चालवलंय?" त्यानं हरणाबाईंना विचारलं.

"बसा भाऊजी. आधी जेवा."

हाक आली होती. बलभीम मुकाट बसला.

चन्नबसप्पांनी तांब्याभर पाणी पिऊन विहिरीत डोकावून पाहिलं. "सरपंच, ही कोरडी पडलीय असं सांगितलं होतं तुम्ही आम्हाला. इथं तर पाणी आहे. मग लाइन हिच्यावर वळवायची कशाला?"

बलभीम उंडा कुस्करत राहिला.

"सांगा की," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझं गंठण मोडून माळ घेतलाय न्हवं? का आता त्यो बी कोरडाच?"

पंगतीत हसू फुटलं. ज्ञानेश्वरीनं हात धुतले. "गाव इथं आहे, सरपंच इथं आहेत. सभा घेऊन टाकू. लाइन पहिल्याच खुणांवरून जावी, असं कुणाकुणाला वाटतं?"

सगळी पंगत हात वर करून बसली. द्वारकाबाईंच्या वर केलेल्या हातात पळी तशीच होती. बलभीमचा हात तेवढा पत्रावळीवर राहिला.

दगड परत सडकेकडं गेले. पाइप पुरला गेला, वर पुन्हा गवत आलं. बलभीमच्या माळावर यंदा तूर आहे आणि गंठणाचा विषय त्या घरात रोज निघतो.

या येळवशीला चन्नबसप्पा आईला घेऊन आले. हरणाबाईंनी विहिरीचं पहिलं पाणी त्या म्हातारीच्या ओंजळीत ओतलं. दिवस कलताना रामहरी रीतीप्रमाणं शेताभोवती आंबील शिंपडत निघाला, तेव्हा बाईंनी मागून सांगितलं, "सडकेपातूर जावा. त्या पाइपालाबी पाजा थोडं. आता त्यो बी आपल्याच शिवारातला."