आईच्या फोनमधले बाबांचे फोटो

मित्रांनो, आज माझ्या हातून फार मोठी चूक झाली. आईचा जुना फोन सारखा हँग व्हायचा, म्हणून सकाळी मी तो रीसेट केला. फोटो मेमरी कार्डात असतील, असं मी धरूनच चाललो होतो.

कार्डात फक्त भजनं निघाली. फोटो फोनमध्येच सेव्ह होत होते. बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो गेले.

कृष्णपुऱ्यातला मोबाईल दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, "भिया, बॅकअप नहीं था तो अब कुछ नहीं हो सकता."

आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे, तू काय मुद्दाम केलंस?" आणि रिकामी गॅलरी बघत बसली.

गेल्या वर्षी बेटमा गावी ताईच्या लग्नात कुणी बाबांचा फोटो काढला असेल, तर प्लीज पाठवा. मागे कुठेतरी अर्धे दिसत असतील, तरी चालेल.